एक मिलीग्रॅमची कुपी: गल्लीतल्या कुत्र्यासाठी साडेचार तारे, टास्मानियन डेव्हिलसाठी शून्य

भाद्रपदात गल्लीतली कुत्री जुळतात. मग मार्गशीर्षापासून संक्रांतीपर्यंत त्यांना खाऊ घालणाऱ्यांचा एकच प्रश्न येत राहतो: "दादा, काळूच्या लघवीतून रक्त पडतंय, मुतखडा असेल का?" बहुतेक वेळा ते रक्त लघवीतलं नसतंच. कुत्रा नुसता बसला असला तरी फरशीवर थेंब पडतात, तो सारखा तिथे चाटत राहतो, आणि इंद्रियावरची कातडीची खोळ मागे सारली की मुळाशी लालभडक, फुलकोबीसारखी, बोट लागताच रक्त सोडणारी गाठ दिसते. हिला टीव्हीटी म्हणतात. एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाणारा कॅन्सर. जंतू नाही, विषाणू नाही. कॅन्सरची जिवंत पेशीच एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाते आणि तिथे रुजते.

हे परीक्षण त्या गाठीवरच्या औषधाचं आहे: व्हिन्क्रिस्टीन सल्फेट इंजेक्शन, एक मिलीलीटरमध्ये एक मिलीग्रॅम, बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी. कंपनी कुठली याला फारसं महत्त्व नाही. कुपी घरी कशी पोचली, कोणी टोचली आणि पुढच्या आठवड्यात कुत्रा पुन्हा सापडला का, यावर सगळं ठरतं.

औषध मूळचं सदाफुलीतलं. इंदुरात लोकमान्य नगर किंवा राजेंद्र नगरकडच्या जुन्या घरांच्या कुंपणाशी जी गुलाबी-पांढरी फुलं बारा महिने असतात, तीच. पानांत हे द्रव्य इतकं विरळ असतं की एका ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळकी पानं लागतात. म्हणून पानांचा रस काढून कुत्र्याला पाजण्याचा उद्योग कृपा करून करू नका. रसात औषध किती आहे कळत नाही, आणि त्याच झाडातली बाकीची विषारी द्रव्यं मात्र नक्की पोटात जातात.

खरेदी. इंदुरात दवा बाजारात ही कुपी मिळते. माणसांच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी ती लागतेच, अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, त्यामुळे किंमतही आवाक्यातली. छप्पन दुकानला चौघांनी एकदा पोटभर खाल्लं तर बिल याहून जास्त होईल. पशुवैद्याची चिठ्ठी मात्र हवीच. काउंटरवर "पेशंट कोण, भिया?" असं विचारलं तर "कुत्रा" म्हणायला लाजू नका. प्राण्याचं नाव, वजन आणि डॉक्टरांची सही चिठ्ठीवर असली की प्रश्न मिटतो.

दुकानात बघायची गोष्ट एकच: कुपी फ्रिजमधून काढून देतात की रॅकवरून. हिला २ ते ८ अंश तापमान लागतं, उजेडही चालत नाही, म्हणून ती खोक्यातच ठेवायची. मे महिन्यात इंदूर बेचाळीस अंशांवर असतं. तेव्हा कुपी खिशात घालून स्कूटरवर अन्नपूर्णा रोडपर्यंत आणली तर आत काय उरलं हे बाहेरून कळत नाही, कारण बिघडलेलं द्रावणही पाण्यासारखंच स्वच्छ दिसू शकतं. डबा, त्यात जेलची थंड पिशवी, पिशवीभोवती जुना नॅपकिन आणि मग कुपी. बर्फाला थेट चिकटवून ठेवायची नाही, गोठलं तरी औषध वाया गेलं. घरच्या फ्रिजमध्ये दारातल्या कप्प्यात नको, तिथे तापमान दिवसभर वरखाली होतं. मधल्या फळीवर, वेगळ्या बंद डब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी.

कुपी उघडण्याआधी गाठ खरंच टीव्हीटी आहे ना, हे बघणं तिच्या किमतीत धरलेलं नसतं, आणि लोक नेमके तिथेच पैसे वाचवतात. काचेची पट्टी गाठीवर हलकी टेकवायची, वाळवायची, जिम्सा किंवा लिशमन रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. गोलगोल पेशी आणि त्यांच्या आत रांगेनं पाण्याच्या थेंबांसारखे रिकामे फुगे दिसले की शंका उरत नाही. सरावलेल्या डॉक्टरला हे अर्ध्या तासाचं काम. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्यांपैकी बहुतेकांनी अशा पट्ट्या विद्यार्थिदशेतच पाहिलेल्या असतात.

नाकातून रक्त येणारा कुत्रा मात्र वेगळा बघायचा. टीव्हीटी नाकातही होते. हुंगण्या-चाटण्यातून पेशी तिथे पोचतात, आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत अशा गाठींमध्ये नरांचं प्रमाण मादीच्या चौपट-पाचपट निघालं होतं. पण इंदुरात नाकातून रक्त येण्याचं दुसरं मोठं कारण गोचिडताप. त्यात प्लेटलेट घसरतात. आधी रक्ततपासणी, मग बाकी सगळं. गोचिडताप निघाला तर डॉक्सिसायक्लीनचा अठ्ठावीस दिवसांचा कोर्स पहिला.

आता मात्रा. पुस्तकात दोन हिशोब सापडतात. एक शरीराच्या पृष्ठभागावर: दर चौरस मीटरला ०.५ ते ०.७ मिलीग्रॅम. दुसरा सोपा: दर किलोला ०.०२५ मिलीग्रॅम. पंधरा किलोच्या देशी कुत्र्याचा पृष्ठभाग साधारण ०.६१ चौरस मीटर भरतो, म्हणजे ०.६ या दरानं ०.३७ मिलीग्रॅम, आणि किलोच्या हिशोबानं ०.३७५. दोन्ही जवळजवळ तेच. दहा किलोला पृष्ठभागानं ०.२८ तर किलोनं ०.२५. वजन मोठं असलं तरी एका वेळी एक मिलीग्रॅमच्या वर कोणीच जात नाही. वजन अंदाजानं घेऊ नका. गोणपाटाच्या झोळीत कुत्रा आणि वर सामान तोलायचा लटकता काटा, किंवा माणूस कुत्र्यासकट वजनकाट्यावर आणि मग त्याचं एकट्याचं वजन वजा. पंधरा किलोच्या कुत्र्याला डोळ्यानं वीस म्हणणारे पुष्कळ भेटतात.

०.३७ मिलीलीटर मोजायचं कशानं? इथे सर्वात मोठी चूक होते, आणि ती घरात सहज सापडणाऱ्या इन्सुलिनच्या सिरिंजमुळे. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन सिरिंजा चालतात, चाळीस युनिटची आणि शंभर युनिटची. ०.३७ मिलीलीटर म्हणजे एकीवर जेमतेम पंधरा आणि दुसरीवर सदतीस. आकडा एकीचा आणि हातात दुसरी, की मात्रा एक तर अडीचपट, नाही तर निम्म्याहूनही कमी. दर शतांशावर रेघ असलेली एक मिलीलीटरची साधी ट्युबरक्युलिन सिरिंज घ्या आणि हा प्रश्नच ठेवू नका. खरं तर कंपन्यांनी ती कुपीबरोबरच द्यायला हवी.

कुपीत एक मिलीलीटर, एका कुत्र्याला त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. म्हणजे पंधरा किलोचे दोन कुत्रे एका कुपीत आरामात बसतात. उघडलेली कुपी त्याच दिवशी संपवायची असल्यामुळे वस्तीतले सगळे आजारी कुत्रे एकाच वारावर आणले की खर्च निम्मा होतो. रविवार सोयीचा, पकडायला चार हात मोकळे असतात.

टोचणं. हे पशुवैद्याचंच काम आहे. यूट्यूब बघून हात साफ करण्यासारखं औषध हे नव्हे. व्हिन्क्रिस्टीन शिरेत असलं की औषध, शिरेबाहेर थेंबभर सांडलं की तेजाब. तीन-चार दिवसांनी पाय सुजतो, कातडी काळी पडते आणि सोलून निघते, खाली कधी कधी हाडापर्यंत जखम जाते. म्हणून सरळ सुई टोचून देणाऱ्याकडे कुत्रा नेऊ नका. पुढच्या पायाची केस काढलेली शीर, त्यात निळी किंवा पिवळी इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची बारीक नळी), आधी पाच मिलीलीटर सलाईन सोडून शिरेच्या वर फुगा येत नाही ना हे बोटानं चाचपायचं. रक्त मागे येतंय ना बघायचं. मग मोजलेलं औषध पाच-दहा मिलीलीटर सलाईनमध्ये मिसळून सावकाश, आणि शेवटी पुन्हा दहा मिलीलीटर सलाईन, म्हणजे नळीत राहिलेला थेंब सुई काढताना कातडीखाली गळत नाही. पहिल्या टोचणीत शीर चुकली तर त्याच शिरेवर खाली दुसरी टोचणी करायची नाही, दुसरा पाय घ्यायचा. पुढच्या आठवड्यात पायांची अदलाबदल. कुत्रा झटका देणारा असेल तर तोंडाला पट्टी आणि हलकी गुंगी. या पाच मिनिटांत शौर्य कामाचं नाही.

तरीही सांडलंच, तर सुई लगेच उपसू नका. तिच्यातूनच जितकं मागे ओढता येईल तितकं ओढायचं. नंतर कोमट शेक, पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, दोन दिवस. डॉक्टरांकडे हायलुरॉनिडेज (सांडलेलं औषध पसरवून विरळ करणारं इंजेक्शन) असेल तर ते भोवती टोचतात. बर्फ लावू नका. बर्फ दुसऱ्या एका कॅन्सरच्या औषधासाठी आहे, इथे तो नुकसान वाढवतो.

परिणाम बघायला फार वाट पाहावी लागत नाही, आणि साडेचार तारे त्याचेच आहेत. पहिल्या मात्रेनंतर आठवड्यात रक्त कमी होतं. दुसऱ्यानंतर फुलकोबी आक्रसून तुरीएवढ्या गाठी उरतात. चार ते सहा आठवड्यांत, दर आठवड्याला एक मात्रा या हिशोबानं, बहुतेक कुत्रे साफ होतात. दहात नऊहून जास्त. जगात कुठल्याही कॅन्सरच्या औषधाचा एकट्यानं असा निकाल क्वचित लागतो. वय जास्त असेल, गाठ मोठी असेल, किंवा उकाड्या-पावसाच्या महिन्यांत उपचार सुरू केला असेल तर जास्त आठवडे लागतात, हे ब्राझीलमधल्या अभ्यासात दिसलं आहे. आपल्याकडे गाठी थंडीत वर येतात हे त्या अर्थानं बरंच.

उपचार फसतो तो बहुतेक वेळा मधे सोडल्यामुळे. दोन मात्रांनंतर रक्त थांबतं, काकू म्हणतात "बरा झाला बिचारा", आणि तिसऱ्या रविवारी कुत्रा हाती लागत नाही किंवा कोणी शोधत नाही. गाठ मुळाशी शिल्लक असते. दोन महिन्यांत ती परत येते, आणि अर्धवट उपचारातून वाचलेल्या पेशी औषधाला जास्त निबर निघू शकतात. गाठ दिसेनाशी झाली तरी खोळ पूर्ण मागे सारून, मादीत बोटानं आतपर्यंत चाचपून खात्री करायची आणि वर आणखी एक मात्रा द्यायची, यावर आम्ही अडून बसतो. सहा-आठ मात्रा होऊनही गाठ हटत नसेल तर औषध बदलायचं, सहसा डॉक्सोरुबिसिन. ते महाग आहे, हृदयाला जड आहे, आणि त्याचा निर्णय डॉक्टरांचा.

प्रत्येक मात्रेआधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. पांढऱ्या पेशी चार हजारांखाली असतील तर ती मात्रा पुढे ढकलायची आणि पुढची पाव हिश्शानं कमी करायची. पेशी सर्वात खाली जातात त्या चौथ्या ते नवव्या दिवसादरम्यान. त्या काळात ताप, सुस्ती, खाणं बंद दिसलं तर लगेच दवाखाना. बद्धकोष्ठता होते, कधी मागचे पाय लटपटतात. आणि एक गोष्ट चिठ्ठीत हमखास निसटते: खरजेबरोबर बुरशी असलेल्या कुत्र्याला इट्राकोनॅझोल किंवा किटोकोनॅझोल चालू असेल तर व्हिन्क्रिस्टीन शरीरातून लवकर बाहेर जात नाही, विषबाधा वाढते. आधी ती गोळी बंद.

माणसाला हा कॅन्सर लागत नाही. मांजरालाही नाही. औषधाचं मात्र जपायचं. हातमोजे, गरोदर बाईनं कुपीला हात लावायचा नाही, दोन-तीन दिवस कुत्र्याची लघवी मोजे घालूनच पुसायची. सुया-सिरिंजा दवाखान्यातच परत द्या, त्या कॅन्सरच्या औषधाच्या वेगळ्या कचऱ्यात जायला हव्यात. इंदुरात घरोघरी कचरा वेगळा करायची सवय झाली आहे, तेवढी शिस्त इथे दाखवायला कठीण नाही.

आता शून्य ताऱ्यांचं. हीच कुपी ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर वापरून पाहिली गेली आणि ती साफ नापास झाली.

टास्मानियन डेव्हिल हा कांगारूच्या गोतातला, पोटाला पिशवी असलेला प्राणी. नर साधारण आठ-दहा किलोचा, म्हणजे आपल्या गल्लीतल्या कुत्र्याहून लहानच. काळं अंग, छातीवर पांढरा पट्टा, जबडा हाडं फोडणारा. १९९६ साली बेटाच्या ईशान्येला माउंट विल्यम भागात काढलेल्या फोटोंत काही डेव्हिलांच्या चेहऱ्यावर मोठमोठ्या गाठी दिसल्या. विषाणू असेल असंच आधी वाटत होतं. २००६ मध्ये उलगडा झाला: वेगवेगळ्या डेव्हिलांच्या गाठींतली गुणसूत्रं सारख्याच प्रकारे बिघडलेली होती. एका डेव्हिलच्या स्वतःच्या पेशींत पाचव्या गुणसूत्राचा एक तुकडा जन्मापासून उलटा होता, आणि त्याच्या गाठीतल्या पेशींत मात्र तो सरळ. गाठ त्याची नव्हतीच. चावणाऱ्या दुसऱ्या डेव्हिलकडून आली होती.

कुत्र्यांत ही पेशी जुळताना जाते, डेव्हिलांत चावण्यातून. विणीच्या काळात आणि मेलेल्या जनावरावर झुंबड उडते तेव्हा ते एकमेकांच्या तोंडाचे लचके तोडतात. गाठ तोंडावरच येते, जबड्यात आणि डोळ्यांभोवती वाढते, आणि प्राणी सहा महिने ते वर्षभरात बहुतेकदा उपासमारीनं मरतो. १९९६ च्या सुमाराला रानात सुमारे ५३,००० डेव्हिल होते, २०२० पर्यंत ते सतरा हजारांच्या आसपास आले असा अंदाज आहे. २००८ पासून जात 'धोक्यात' या यादीत आहे. हे कमी होतं म्हणून २०१४ मध्ये बेटाच्या आग्नेयेला दुसराच संसर्गजन्य कॅन्सर सापडला. पहिल्याची सुरुवात एका मादीत झालेली, याची एका नरात. दिसायला दोन्ही सारखे, वंश वेगळा.

व्हिन्क्रिस्टीनच्या डेव्हिलांवरच्या चाचण्यांचा अहवाल २०१३ मध्ये आला. डेव्हिलांनी औषध कुत्र्यांपेक्षा बरंच जास्त सोसलं, म्हणजे मात्रा चढवत नेता आली. गाठी तरीही वाढतच राहिल्या. मात्रा कमी पडली असं म्हणायला जागाच उरली नाही.

असं का, हे समजून घेतलं तर गल्लीतल्या कुत्र्याच्या बाबतीत कुपी नेमकं काय करते तेही उमजतं. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या अंगावर एमएचसी-१ नावाचे रेणू मिरवते, शरीराचे पहारेकरी ते बघून आपला-परका ठरवतात. परक्या कुत्र्याची पेशी तर लगेच मारली जायला हवी. टीव्हीटीच्या पेशी सुरुवातीला हे रेणू जवळजवळ लपवून ठेवतात, म्हणून गाठ वाढते. पण काही आठवड्यांनी, गाठीत शिरलेल्या पांढऱ्या पेशींच्या दबावानं, ते पुन्हा दिसू लागतात. धडधाकट कुत्र्यांत काही गाठी त्यामुळे आपोआपही विरतात. व्हिन्क्रिस्टीन पेशींना विभाजनाच्या मधोमध अडकवून मारतं आणि या मोडतोडीनं पहारेकरी आणखी जागे होतात. शेवटचा हात कुत्र्याच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीचा असतो. म्हणूनच आजारानं, उपासानं, गोचिडतापानं खंगलेल्या कुत्र्यात हीच कुपी अडखळते, आणि म्हणूनच आधी खाऊ-पिऊ घालून, जंत पाडून मग सुरुवात करायची.

डेव्हिलच्या पहिल्या कॅन्सरनं हे रेणू बंद करून ठेवले आहेत. जनुकं शाबूत आहेत, पण कुलूप लावून. त्यामुळे डेव्हिलच्या शरीराला परकी पेशी दिसतच नाही, आणि औषधानं थोड्या मारल्या तरी उरलेल्यांवर तुटून पडणारं कोणी नसतं. प्रयोगशाळेत गामा इंटरफेरॉन (पहारेकऱ्यांचा निरोप पोचवणारं, शरीरातलंच एक द्रव्य) दिलं की ते कुलूप उघडतं, हे २०१३ मध्येच दिसलं होतं. त्या वाटेनं पुढे जाऊन २०१७ मध्ये अशाच रेणू-उघड्या पेशी आजारी डेव्हिलांना टोचल्या गेल्या. पाचपैकी तिघांच्या गाठी विरल्या. आता खटपट आहे ती आमिषात घालून खाऊ घालायच्या लशीची. पोळीच्या घासात जंताची गोळी लपवणाऱ्या कुणालाही ती कल्पना लगेच पटेल. फरक इतकाच की इथे गोळी थुंकणाऱ्या मोतीला पुन्हा पकडता येतं, तिथे रानातल्या डेव्हिलला नाही.

उचलून नेण्याचा उपायही तिथे करून झाला. फॉरेस्टिअर द्वीपकल्पावर २००४ पासून २०१० पर्यंत आजारी डेव्हिल पकडून काढले, रोग काही हटला नाही. निरोगी डेव्हिल वेगळ्या बेटावर नेऊन ठेवले, मारिया बेटावर, २०१२-१३ मध्ये अठ्ठावीस. ते चांगले वाढले आणि तिथले छोटे पेंग्विन त्यांनी फस्त केले. हे वाचल्यावर गल्लीतल्या टीव्हीटीसाठी "सगळी कुत्री उचलून न्या" म्हणणाऱ्यांशी वाद घालायचा उत्साह राहत नाही. नसबंदी, तीही वस्तीतल्या बहुतेक कुत्र्यांची, हाच उपाय चालतो. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकात कुत्र्यांवर नियंत्रण आलं आणि ही गाठ तिथून जवळजवळ हद्दपार झाली, तीही कोणी तिच्यासाठी मुद्दाम काही न करता.

डेव्हिलची एक बाजू सांगायची राहिली. रोग पसरल्यावर काही पिढ्यांतच त्यांच्या जनुकांत बदल दिसू लागले, रानात काही गाठी आपोआप विरल्याच्या नोंदी आहेत, आणि माद्या आधीपेक्षा लहान वयात वितात. कुत्र्यांचा कॅन्सर हजारो वर्षं जुना आहे. २०१९ च्या एका अभ्यासात ४३ देशांतल्या ५४६ गाठी तपासल्या, त्यावरून तो आशियात कुठेतरी चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी एका कुत्र्यात सुरू झाला असा हिशोब निघाला. तो कुत्रा कधीच मेला, त्याच्या पेशी दवा बाजाराबाहेर झोपलेल्या कुत्र्याच्या अंगावर अजून वाढतायत. एवढ्या काळात यजमान आणि गाठ यांनी एकमेकांशी जमवून घेतलं. डेव्हिलांत हा रोग दिसून अजून तीसेक वर्षंच झाली.

शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात. गाठ कापून काढणं लोकांना पटतं, कारण डोळ्यासमोर ती जाते. पण ती ठिसूळ असते, कापताना पेशी सांडतात, आणि पुष्कळदा परत येते. कापायचं असेल तर नसबंदीपुरतं, आणि तेही मात्रा संपून रक्ताचा रिपोर्ट नीट आल्यावर. नसबंदीची खूण म्हणून कानाला खाच पडल्यावर कुत्रा त्याच गल्लीत परत सोडायचा, नियम तेच सांगतात. "कॅन्सरवर खात्रीचा काढा" विकणाऱ्यांच्या काही यशोगाथा खऱ्या असू शकतात, कारण काही गाठी आपोआप विरतात. काढ्याला श्रेय देण्याआधी हे लक्षात घ्यावं.

अर्धा तारा कापला तो माहितीपत्रकासाठी. मुंगीएवढ्या अक्षरात सगळं माणसांबद्दल, कुत्र्याचं एक अक्षर नाही. म्हणून दवाखान्यात किंवा घरी एक साधी वही ठेवा. कुत्र्याचं नाव आणि गल्ली, वजन, मात्रा मिलीलीटरमध्ये, कुठल्या पायात, पांढऱ्या पेशी किती, गाठीचा फोटो शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, आणि पुढच्या रविवारची तारीख. शेवटची मात्रा झाल्यावरही दोन रकाने मोकळे सोडा, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी खोळ मागे सारून बघायचे. दुसरा रकाना भाद्रपदाच्या आधी भरता आला पाहिजे.